प्रॉव्हिन्सटाउनचे दोन उन्हाळे : सभासदांच्या रंगभूमीचा एक अभ्यास (१९१५–१९१६)

१

आधुनिक अमेरिकन नाटकाचा आरंभ कोठून धरावा, ह्या प्रश्नाला पुष्कळ इतिहासकार एकच उत्तर देतात. जुलै १९१६च्या अखेरीस, अटलांटिक महासागराच्या काठी एका जुन्या धक्क्यावरील मासळीच्या गोदामात यूजीन ओनील ह्यांची ‘बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ’ ही एकांकिका प्रथम रंगभूमीवर आली, आणि त्या रात्री अमेरिकेला तिचा नाटककार मिळाला, असे हे उत्तर आहे. ते खोटे आहे असे म्हणता येणार नाही. ओनील ह्यांना पुढे चार वेळा पुलित्झर पारितोषिक मिळाले (त्यांपैकी शेवटचे १९५७ साली, मरणोत्तर), आणि १९३६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिकही मिळाले. एवढ्या मोठ्या लेखकाचा उदय जेथे झाला त्या जागेला महत्त्व येणे स्वाभाविक आहे.

तथापि हे उत्तर अपुरे आहे. ते नाटककाराविषयी सांगते. गोदामाविषयी काही सांगत नाही. हे गोदाम कोणाचे होते, त्यात बाके कोणी मांडली, दिव्यांचा खर्च कोणी सोसला, आणि ज्याचे एकही नाटक तोवर रंगभूमीवर आले नव्हते अशा सत्तावीस वर्षांच्या लेखकाचे नाटक पाहण्याकरिता लोकांनी आगाऊ पैसे का भरले, हे प्रश्न त्यात उपस्थितच होत नाहीत. प्रस्तुत निबंधात ह्या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. १९१५ आणि १९१६ ह्या दोन उन्हाळ्यांत प्रॉव्हिन्सटाउन येथे जी मंडळी एकत्र आली, त्यांनी सभासदांच्या वर्गणीवर व श्रमावर चालणारी एक छोटी रंगभूमी उभी केली. ह्या व्यवस्थेने लेखकाला मिळवून दिलेली मुख्य गोष्ट म्हणजे फसण्याची मुभा होय, आणि ओनील ह्यांचा उदय हे त्या मुभेचे अनेक फळांपैकी एक फळ होय, असे माझे प्रतिपादन आहे.

साधनांविषयी एक इशारा आरंभीच देणे इष्ट. ह्या दोन उन्हाळ्यांची सर्वपरिचित हकीकत सुझन ग्लास्पेल ह्यांच्या ‘द रोड टु द टेंपल’ (१९२७) ह्या ग्रंथातून आलेली आहे. हा ग्रंथ म्हणजे त्यांचे दिवंगत पती जॉर्ज क्रॅम कुक ह्यांचे चरित्र होय. ते प्रेमाने आणि शोकाने लिहिलेले आहे. मेरी हीटन व्हॉर्स ह्यांच्या ‘टाइम अँड द टाउन’ (१९४२) ह्या ग्रंथाचा विषय मुख्यतः ते गाव हा आहे. हचिन्स हॅपगुड ह्यांचे आत्मचरित्र १९३९चे. म्हणजे तिन्ही साधने घटनेनंतर सुमारे दहा ते पंचवीस वर्षांनी, ओनील कीर्तिशिखरावर पोचल्यानंतर लिहिली गेली. पुढे काय घडले हे ठाऊक असलेल्या माणसाची स्मृती मागील गोष्टी निराळ्या क्रमाने लावते, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

२

मॅसॅच्युसेट्स राज्याचा जो चिंचोळा भूभाग कोपरात वाकविलेल्या हाताप्रमाणे समुद्रात शिरला आहे त्याला केप कॉड म्हणतात. त्या हाताच्या मुठीत प्रॉव्हिन्सटाउन वसलेले आहे. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजाने प्रथम नांगर टाकला तो ह्याच बंदरात. पुढे देवमाशांची शिकार आणि कॉड मासळीचा व्यापार ह्यांवर हे गाव भरभराटीस आले, आणि अझोर्स बेटांतून व पोर्तुगालमधून आलेली कोळी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र हा व्यवसाय उतरणीस लागला. नोव्हेंबर १८९८मधील भयंकर वादळात, ज्याला तेथील लोक ‘पोर्टलंड गेल’ म्हणतात, गावाचे अनेक धक्के मोडून गेले. जे उरले त्यांवरील गोदामे ओस पडू लागली.

१८७३ साली गावापर्यंत रेल्वे आली होती. उन्हाळ्यात बॉस्टनहून बोटही येत असे. १८९९ साली चार्ल्स हॉथॉर्न ह्या चित्रकाराने येथे उन्हाळी चित्रशाळा काढली. तिचे विद्यार्थी उघड्यावर, समुद्राच्या लख्ख उजेडात चित्रे काढीत. ओस गोदामे चित्रकारांना अल्प भाड्याने मिळू लागली. १९१४ साली चित्रकारांनी आणि गावातील प्रतिष्ठितांनी मिळून ‘प्रॉव्हिन्सटाउन आर्ट असोसिएशन’ ही सभासदांची संस्था स्थापन केली. ती आजही कार्य करीत आहे. नाटकमंडळी येण्यापूर्वीच ह्या गावात वर्गणीच्या तत्त्वावर कलेची जागा चालविण्याचा पाठ घातला गेला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

‘उन्हाळा’ ह्या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते येथे बाजूस ठेवले पाहिजे. आपल्याकडे आषाढ-श्रावणाची झड लागलेली असते तेव्हा तेथे उन्हाळा असतो. दिवस मोठे, हवा प्रसन्न, रात्री समुद्रावरून धुके येते. न्यूयॉर्कच्या उकाड्यातून निसटू शकणारी माणसे जूनमध्ये येत आणि सप्टेंबरात परतत. ही तीन महिन्यांची मुदत आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जे तीन महिन्यांत संपणार आहे त्याला इमारत लागत नाही, कायम नोकर लागत नाहीत, प्रतिष्ठा सांभाळावी लागत नाही.

१९१५च्या उन्हाळ्यात येथे जमलेली मंडळी प्रामुख्याने न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज ह्या वस्तीतील होती. हॅपगुड आणि त्यांच्या पत्नी नीथ बॉइस, व्हॉर्स, कुक व ग्लास्पेल, विल्बर डॅनियल स्टील ही सर्व लेखनावर उपजीविका करणारी माणसे. त्यांत कामगार चळवळीचे वार्ताहर होते, कादंबरीकार होते, आणि कुक ह्यांच्यासारखा ग्रीक वाङ्मयाचा व्यासंगी होता. एरवी ह्यांपैकी काहीजण उन्हाळ्यात यूरोपला गेले असते. ऑगस्ट १९१४मध्ये सुरू झालेल्या महायुद्धाने तो मार्ग बंद केला होता.

३

ह्या मंडळींना नाटकाची हौस होती, परंतु व्यावसायिक रंगभूमीत त्यांना स्थान नव्हते. १८९६ साली काही नाट्यव्यवस्थापकांनी संघ करून देशभरच्या नाट्यगृहांवर जवळजवळ मक्तेदारी मिळविली होती. पुढे त्यांच्याशी स्पर्धा करणारे शूबर्ट बंधू आले, पण धोरण बदलले नाही. जे नाटक गावोगावी खात्रीने चालेल तेच करावयाचे, हा त्यांचा नियम. ह्याविरुद्ध ‘छोट्या रंगभूमी’ची चळवळ नुकतीच सुरू झाली होती. १९११ साली डब्लिनच्या ॲबी थिएटरच्या नटसंचाने अमेरिकेचा दौरा केला; १९१२ साली शिकागो येथे मॉरिस ब्राउन ह्यांनी ‘लिटल थिएटर’ काढले; १९१५च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये ‘वॉशिंग्टन स्क्वेअर प्लेअर्स’ ही संस्था उभी राहिली. कुक आणि ग्लास्पेल ह्यांनी मनोविश्लेषणाच्या तत्कालीन वेडाची थट्टा करणारी ‘सप्रेस्ड डिझायर्स’ (दडपलेल्या वासना) ही एकांकिका ह्या नव्या संस्थेकडे दिली, परंतु विषय फारच थोड्या लोकांपुरता आहे म्हणून ती परत आली.

तेव्हा ही एकांकिका जुलै १९१५मध्ये हॅपगुड-बॉइस दांपत्याच्या समुद्रकाठच्या बिऱ्हाडात करण्याचे ठरले. तिच्या जोडीला नीथ बॉइस ह्यांची ‘कॉन्स्टन्सी’ ही एकांकिका होती. रॉबर्ट एडमंड जोन्स हे तरुण नेपथ्यकार पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी घरातील दिवे, उश्या, पडदे ह्यांतूनच नेपथ्य सिद्ध केले. पहिला प्रयोग समुद्राकडील व्हरांड्यात झाला आणि प्रेक्षक आत खोलीत बसले. दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी प्रेक्षकांनी आपल्या खुर्च्या फिरविल्या आणि खोलीचाच रंगमंच झाला. ही खुर्च्या फिरविण्याची हकीकत पुष्कळ वेळा गमतीने सांगितली जाते. पण तिच्यात ह्या उद्योगाचे एक लक्षण दिसून येते. प्रेक्षक आणि नट ह्यांच्या जागा तेथे अदलाबदल करण्याजोग्या होत्या, कारण माणसे तीच होती.

प्रयोगाची वार्ता गावात पसरली आणि न पाहिलेल्यांनी आग्रह धरला. त्यावेळी व्हॉर्स ह्यांच्या मालकीच्या लुईस धक्क्यावरील जुने मासळीचे गोदाम पुढे आले. मंडळींनी ते झाडून साफ केले. प्रेक्षकांनी बसावयाची साधने घरून आणली. दिवे रॉकेलचे होते. ते हातात धरून काहीजण बाजूला उभे राहत, आणि लाकडी इमारत पेट घेईल ह्या भीतीने आणखी काहीजण वाळू व फावडी घेऊन सज्ज असत. पूर्वीच्या दोन एकांकिका तेथे पुन्हा झाल्या. त्यांत कुक ह्यांची ‘चेंज युअर स्टाइल’ आणि स्टील ह्यांची ‘कंटेंपररीज’ ह्यांची भर पडली.

ह्या चार नाटकांचे विषय पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. ‘कॉन्स्टन्सी’मध्ये मंडळींच्याच ओळखीच्या दोन व्यक्तींच्या, पत्रकार जॉन रीड आणि मेबल डॉज ह्यांच्या, गाजलेल्या प्रेमप्रकरणाची छाया होती. ‘सप्रेस्ड डिझायर्स’मध्ये त्यांच्याच दिवाणखान्यातील गप्पा होत्या. ‘चेंज युअर स्टाइल’मध्ये प्रॉव्हिन्सटाउनच्या जुन्या आणि नव्या चित्रकारांचे भांडण होते. ‘कंटेंपररीज’मध्ये बायबलच्या काळाच्या आवरणाखाली न्यूयॉर्कमधील बेकारांच्या १९१४मधील चळवळीचा संदर्भ होता. पहिल्या उन्हाळ्याची रंगभूमी ही एका वर्तुळाने स्वतःकडे पाहण्याकरिता केलेला आरसा होती. सभासदांच्या कलेला हा धोका नेहमीच असतो. आपणच लिहावे, आपणच करावे, आपणच पाहावे आणि आपल्याच गोष्टी ऐकून संतुष्ट व्हावे, असे तिचे स्वरूप सहज होऊ शकते. व्यावसायिक संस्थेने ‘फारच थोड्या लोकांपुरता’ म्हणून दिलेला नकार अगदीच अन्यायाचा नव्हता, हेही येथे मान्य केले पाहिजे.

४

१९१६च्या उन्हाळ्याची तयारी कुक ह्यांनी अधिक पद्धतशीर केली. गोदामातील रंगमंच सुमारे १० फूट बाय १२ फूट एवढाच होता. त्याचे भाग सुटे करून मागेपुढे सरकविता येत. प्रेक्षकांकरिता फळ्यांची बाके केली. मागील बाजूस रुंद सरकती दारे होती. ती उघडली की प्रत्यक्ष समुद्रच नाटकाची पार्श्वभूमी होई. भरतीच्या वेळी लाटा धक्क्याच्या खांबांवर आपटत आणि त्यांचा आवाज व ओलावा फळ्यांच्या फटींतून वर येई.

परंतु इमारतीपेक्षा अर्थव्यवस्था अधिक लक्षणीय होती. कुक ह्यांनी उन्हाळी रहिवाशांना परिपत्रक धाडून हंगामाची वर्गणी मागितली. वर्गणी अडीच डॉलर होती. ही रक्कम हंगामाच्या आरंभी द्यावयाची होती. नाटके कोणती होणार हे त्यावेळी वर्गणीदाराला ठाऊक नव्हते, आणि परिपत्रक लिहिणाऱ्यालाही पुरतेपणी ठाऊक नव्हते.

तिकीट आणि वर्गणी ह्यांतील भेद येथे नीट समजून घेतला पाहिजे. तिकीट घेणारा एका विशिष्ट नाटकाचा मोबदला देतो. नाटक पसंत पडले नाही तर तो पुन्हा येत नाही, आणि त्याने येऊ नये म्हणून त्याचे मित्रही सावध होतात. म्हणून तिकिटावर जगणाऱ्या संस्थेला प्रत्येक नाटक यशस्वी व्हावे लागते. वर्गणीदार हंगामाचा भागीदार असतो. त्याचे पैसे आधीच खर्ची पडलेले असतात. एक नाटक फसले तरी संस्था बुडत नाही आणि तो स्वतः पुढील नाटकाला येतोच, कारण त्याचे आसन भरलेले आहे. शिवाय येथे वर्गणीदारांपैकी पुष्कळजण शेजारी होते. आज बाकावर बसलेला मनुष्य पुढील आठवड्यात पडदा ओढीत असे. श्रम विनामूल्य असल्यामुळे खर्च अल्प होता, आणि खर्च अल्प असल्यामुळे अपयशाची किंमतही अल्प होती. मी ज्याला फसण्याची मुभा म्हटले ती ह्या तीन गोष्टींतून, म्हणजे आगाऊ वर्गणी, विनामूल्य श्रम आणि ठरलेली अल्प मुदत ह्यांतून निर्माण झाली. त्यांतील एक जरी काढली तरी बाकीच्या दोन टिकत नाहीत, हे पुढील इतिहासावरून दिसेल.

५

ह्या व्यवस्थेत ओनील आले. त्यांच्या आगमनाची दंतकथा प्रसिद्ध आहे. ग्लास्पेल ह्यांनी टेरी कार्लिन ह्या वृद्ध भटक्याला नाटक आहे का म्हणून विचारले. त्याने आपल्यापाशी नाही, पण आपल्या सोबत्यापाशी नाटकांनी भरलेली पेटी आहे असे सांगितले. मग एका संध्याकाळी कुक ह्यांच्या घरी ‘बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ’ वाचली गेली, लेखक शेजारच्या खोलीत वाट पाहत राहिला, आणि वाचन संपताच आपण कशासाठी एकत्र आलो आहोत हे सर्वांस उमगले. कथा सुंदर आहे. मात्र तिच्यामुळे ओनील हे आकाशातून पडल्यासारखे वाटतात. वस्तुतः त्यांचा एकांकिकांचा संग्रह वडिलांच्या खर्चाने १९१४ साली प्रसिद्ध झाला होता, आणि १९१४–१५मध्ये त्यांनी हार्वर्ड येथे प्रा. जॉर्ज पिअर्स बेकर ह्यांच्या नाट्यलेखनवर्गात शिक्षण घेतले होते. हॅरी केम्प ह्या कवीच्या आठवणीनुसार तर ओनील ह्यांनी मंडळींपुढे आधी ‘द मूव्ही मॅन’ ही दुसरीच एकांकिका ठेवली होती आणि ती कोणाला पसंत पडली नाही. ही आठवण खरी मानली तर पेटीच्या कथेहून ती अधिक बोधप्रद आहे. एकदा नापसंत झालेला लेखक थोड्याच दिवसांत दुसरे नाटक घेऊन येऊ शकला आणि ते ऐकावयास तीच माणसे पुन्हा बसली, असा तिचा अर्थ होतो.

‘बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ’मध्ये धुक्यातून जाणाऱ्या मालवाहू बोटीवर यँक नावाचा खलाशी मरणासन्न पडला आहे, त्याचा सोबती त्याच्याजवळ बसला आहे, इतर खलाशी आपापल्या पाळीवर जात-येत आहेत. एवढेच कथानक. यँकची भूमिका कुक ह्यांनी केली. ओनील ह्यांनीही एक लहानशी भूमिका केली. धक्क्यावर धुके आणि पायांखाली भरतीचा आवाज होता, असे पाहणारे सांगतात. त्या रात्री स्थळाने नाटकाला साहाय्य केले ह्यात शंका नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ८ ऑगस्ट १९१६ रोजी, त्याच रंगमंचावर ग्लास्पेल ह्यांची ‘ट्रायफल्स’ (क्षुल्लक गोष्टी) ही एकांकिका झाली. तिची जन्मकथा मला आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटते. पुढील खेळासाठी ग्लास्पेल ह्यांचे नाटक आहे असे कुक ह्यांनी परस्पर जाहीर केले. नाटक लिहिलेले नव्हते. तेव्हा त्या रिकाम्या गोदामात जाऊन बाकावर बसल्या आणि मोकळ्या रंगमंचाकडे पाहत राहिल्या. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे काही वेळाने तो रंगमंच त्यांना एका स्वयंपाकघरासारखा दिसू लागला. हे स्वयंपाकघर कल्पनेतले नव्हते. डिसेंबर १९००मध्ये आयोवा राज्यात जॉन हॉसॅक ह्या शेतकऱ्याचा झोपेत खून झाला आणि त्याच्या पत्नीवर खटला चालला. तरुण ग्लास्पेल त्या खटल्याची वार्ता देत होत्या. पंधरा वर्षे मनात राहिलेली ती गोष्ट धक्क्यावरील रिकाम्या फळ्यांनी वर काढली. नाटकात आरोपी स्त्री रंगमंचावर येतच नाही. सरकारी वकील व अंमलदार पुरावा शोधीत घरभर हिंडतात. दोन शेजारणी स्वयंपाकघरात बसून अर्धवट आवरलेले काम, विसकटलेली गोधडीची शिवण आणि मान मुरगळलेला पक्षी पाहतात, सर्व काही ओळखतात आणि गप्प राहतात.

ह्या दोन नाटकांनी पहिल्या उन्हाळ्याचा आरसा फोडला. एकात खलाशी होते, दुसऱ्यात शेतकऱ्यांच्या बायका होत्या. दोन्हींत ग्रेनिच व्हिलेज नव्हते. एकाच महिन्याच्या आत, एकाच रंगमंचावर, सभासदांच्या कलेने स्वतःचे वर्तुळ ओलांडले. ओलांडू शकली ती ह्यामुळे की वर्गणीदाराने मनोरंजनाची अमुक एक हमी मागितली नव्हती. तरीही इतिहासग्रंथांत ह्या उन्हाळ्याचे नाव ओनील ह्यांच्याशी जोडले गेले आणि ‘ट्रायफल्स’ बराच काळ पाठ्यपुस्तकातील एक सुबक एकांकिका म्हणून राहिली. १९७०नंतर स्त्रीवादी समीक्षकांनी तिच्याकडे लक्ष वेधले तेव्हा हे चित्र बदलू लागले. पहिले नाटक बॉइस ह्यांचे, धक्का व्हॉर्स ह्यांचा, आणि ह्या सर्वाची कथा जपणाऱ्या ग्लास्पेल. ह्या तिघींना वगळून ह्या रंगभूमीचा इतिहास लिहिता येत नाही.

सभासदत्वाची सीमा कोठे होती, हेही नमूद केले पाहिजे. ज्या पोर्तुगीज कोळ्यांच्या व्यवसायाच्या ऱ्हासामुळे ही गोदामे रिकामी झाली, ते ह्या मंडळींना खोल्या भाड्याने देत, मासळी विकत. नाटकाच्या सभासदांत त्यांचे स्थान दिसत नाही. त्याच हंगामात झालेल्या ओनील ह्यांच्या ‘थर्स्ट’ (तहान) ह्या एकांकिकेत मिश्रवर्णीय खलाशाची भूमिका स्वतः ओनील ह्यांनी केली. कृष्णवर्णीय भूमिका कृष्णवर्णीय नटांनी कराव्या हे ह्याच संस्थेने १९१९ साली ‘द ड्रीमी किड’च्या प्रयोगात करून दाखविले. पण १९१६च्या धक्क्यावर तो विचार नव्हता. समानतेचे हे वर्तुळ आतून समान होते. त्याचा परीघ मात्र लहान होता.

६

सप्टेंबर १९१६च्या आरंभी, उन्हाळा संपता संपता, मंडळींनी सभा भरवून संस्थेस रीतसर स्वरूप दिले. ‘प्रॉव्हिन्सटाउन प्लेअर्स’ हे नाव ठरले. न्यूयॉर्कमधील रंगभूमीस ‘प्लेराइट्स थिएटर’, म्हणजे नाटककाराची रंगभूमी, असे म्हणावे ही सूचना ओनील ह्यांची. कुक अध्यक्ष झाले. ठराव तयार करण्यात जॉन रीड ह्यांचा मोठा वाटा होता. खरे वाङ्मयीन व नाट्यगुण असलेल्या अमेरिकन नाटकांच्या लेखनास उत्तेजन देणे हा हेतू सांगितला गेला. क्रियाशील सभासद सुमारे तीस होते. त्यांनी लेखन, अभिनय, नेपथ्य वा अन्य श्रम ह्यांपैकी काहीतरी केलेच पाहिजे. नाटके त्यांच्यापुढे वाचावयाची आणि त्यांच्या मतांनी निवडावयाची. निवडलेल्या नाटकाचा प्रयोग लेखकाने स्वतःच्या इच्छेप्रमाणे बसवावा. सहयोगी सभासद वर्गणी देतील आणि प्रेक्षक होतील.

ह्या घटनेत उन्हाळ्याचा अनुभव नियमांत बांधण्याचा प्रयत्न दिसतो. उन्हाळ्यात जे आपोआप घडत होते ते हिवाळ्यात नियमाने घडवावयाचे होते. कुक ३२० डॉलर घेऊन न्यूयॉर्कला गेले आणि मॅकडूगल स्ट्रीटवरील १३९ क्रमांकाच्या घरात ३ नोव्हेंबर १९१६ रोजी पहिला खेळ झाला. त्यातही ‘बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ’ होतेच. संस्था क्लबाच्या स्वरूपात नोंदल्यामुळे सार्वजनिक नाट्यगृहाच्या परवान्याची अडचण टळली. आरंभी समीक्षकांना मोफत प्रवेशिका धाडण्याचेही संस्थेने नाकारले.

परंतु महानगरात तिन्ही आधार एकेक करून ढिले झाले. प्रथम मुदत गेली. आता हंगामामागून हंगाम चालवावयाचा होता, भाडे द्यावयाचे होते. मग श्रमाचे तत्त्व गेले. लेखकाने स्वतः प्रयोग बसवावा हा नियम वर्षभरही पुरता टिकला नाही. १९१७ साली नीना मॉइझ ह्यांच्याकडे दिग्दर्शन सोपविले गेले, आणि प्रयोगांचा दर्जा त्यामुळे सुधारला हेही खरे. सर्वांपुढे नाटके वाचण्याची प्रथा मागे पडून निवड थोड्यांच्या हाती आली. शेवटी वर्गणीचे तत्त्व डळमळले. १ नोव्हेंबर १९२० रोजी ओनील ह्यांचे ‘द एंपरर जोन्स’ रंगभूमीवर आले. त्यासाठी कुक ह्यांनी जर्मन नाट्यगृहांच्या धर्तीवर प्रकाश परावर्तित करणारा गिलाव्याचा घुमट रंगमंचामागे बांधला आणि संस्थेची शिल्लक जवळजवळ सर्व त्यात घातली. फसण्याची मुभा त्यांनी अखेरची वापरली ती येथे. घुमट यशस्वी झाला, चार्ल्स गिल्पिन ह्या कृष्णवर्णीय नटाचा अभिनय गाजला आणि थोड्याच आठवड्यांत नाटक ब्रॉडवेवर गेले. त्या यशाने संस्थेचे रूपच पालटले. नट व्यावसायिक रंगभूमीकडे ओढले गेले, आणि पुढील नाटकही तसेच चालावे अशी अपेक्षा उत्पन्न झाली. अपयशाने जे केले नव्हते ते यशाने केले.

मार्च १९२२मध्ये कुक आणि ग्लास्पेल ग्रीसला निघून गेले. जानेवारी १९२४मध्ये कुक डेल्फी येथे वारले. ह्याच सुमारास ओनील, जोन्स आणि केनेथ मॅगोवन ह्यांनी त्याच नाट्यगृहात नवी संस्था चालविली. मूळ नाव तिला देण्यास ग्लास्पेल ह्यांनी हरकत घेतली. ही हरकत केवळ भावनेची होती असे मला वाटत नाही. जुने नाव एका व्यवस्थेचे होते आणि ती व्यवस्था संपली होती, हे त्यांना ठाऊक होते. १९३१ साली त्यांना स्वतःला ‘ॲलिसन्स हाउस’ ह्या नाटकासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

७

प्रॉव्हिन्सटाउन प्लेअर्सचा प्रयोग फसला असे म्हणावे काय? सहा वर्षांत ह्या मंडळींनी शंभराच्या जवळपास नवी अमेरिकन नाटके रंगभूमीवर आणली. त्यांतील बहुसंख्य आज कोणी वाचत नाही. अभ्यासक ह्या विस्मृत नाटकांकडे सहसा दोष म्हणून पाहतात. माझ्या मते तो ह्या संस्थेचा खर्च होता. ‘ट्रायफल्स’ आणि ‘बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ’ आधीपासून ओळखून निवडण्याची विद्या कोणापाशीच नसते. ती अन्य शेकडाभर नाटकांबरोबर करून पाहिली तरच सापडतात. असे करून पाहण्याचा खर्च बाजार देत नाही, कारण त्यात त्याचा तोटा आहे. आश्रयदाता तो देतो, पण मग आश्रयदात्याची रुची सांभाळावी लागते. अडीच डॉलर देणाऱ्या शेजाऱ्यांनी तो दिला आणि त्याबदल्यात फार काही मागितले नाही.

ही गोष्ट कायम टिकली नाही, ह्याचे दुःख ग्लास्पेल ह्यांच्या ग्रंथात पानोपानी आहे. तथापि टिकणे हीच एकमेव कसोटी मानावी काय, ह्याचा विचार संस्थांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी करावयास हवा. लुईस धक्का १९२०च्या दशकाच्या आरंभीच समुद्राने नेला. ओनील दांपत्याचे त्याच गावाजवळील पीक्ड हिल येथील घरही १९३१ साली लाटांत कोसळले. धक्क्यावरील गोदाम नाट्यगृह म्हणून सारे दोन उन्हाळे चालले, तेही प्रत्येकी काही आठवडेच. त्यांत तेथील माणसांनी एकमेकांवर थोडा पैसा, थोडे श्रम आणि पुष्कळसा विश्वास आगाऊ लावला, आणि हिशेब लगेच मागितला नाही. अमेरिकन नाटकाच्या इतिहासात जुलै १९१६च्या त्या रात्रीचे जे स्थान आहे ते कायम ठेवून, त्या रात्रीपूर्वी वर्गणी भरणाऱ्या आणि बाके मांडणाऱ्या अनामिकांनाही त्यात एक स्थान द्यावे, एवढेच ह्या निबंधाचे मागणे आहे.